शेपटीचा चाकू

बुरुलवहिनी गुरुवारी निघणार होती आणि मंगळवारची सकाळ उजाडली तरी तिच्याकडे मनासारखा चाकू नव्हता.

बाकी सगळी तयारी झाली होती. अंगणातल्या लाकडी बाजेवर तिनं आपला संसार मांडून ठेवला होता: लशींची थंड पेटी, सुया, खूर साफ करायची कानस, मेणकापड, एक गोधडी, किटली. मधोमध औषधाची पूड तोलायचा छोटा काटा. तीन दिवस ती घरातली एकेक वस्तू त्या काट्यावर ठेवत होती. साबणाची वडी तिनं अर्धी कापली. कंगव्याचे निम्मे दात मोडले. माझ्या आईनं वाटेत खायला म्हणून वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या दिल्या, तर त्याही तोलल्या.

"सुनेला वेड लागलंय," आई म्हणाली. पण म्हणताना हसत होती.

वेड लागण्यासारखंच होतं. दर उन्हाळ्यात आमच्या गावची मेंढरं, घोडे, याक खिंडीपलीकडे आर्पाच्या कुरणांवर जातात आणि गुरांचा डॉक्टर त्यांच्यामागोमाग घोड्यावरून तळोतळ फिरतो. यंदा म्हाताऱ्या डॉक्टरचे गुडघे नाही म्हणाले. कुरण समितीची माणसं दोन महिने नुसती दाढ्या खाजवत बसली होती. शेवटच्या बैठकीत वहिनी उठून उभी राहिली. "शिक्षण माझं झालंय, घोडा माझा आहे, मी जाते." चाळीस दिवस, एकटी. आमच्या भागातली एकही बाई त्या कामाला याआधी गेली नव्हती. दोघातिघांनी तोंडं वाकडी केली, पण दुसरं नाव कुणाकडेच नव्हतं. त्या दिवसापासून वहिनीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

तालांतदादानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मोठ्या मनानं आपला शिकारीचा चाकू म्यानासकट पुढे केला. वहिनीनं तो काट्यावर ठेवला.

"तीनशे दहा ग्रॅम! मी काय बैल सोलायला निघालेय?"

"अगं, पण लांडगा आला तर?"

"तर त्याला लस टोचीन."

दादा शाळेत भूगोल शिकवतो. वादात तो कधीच जिंकत नाही. चाकू घेऊन तो गुपचूप आत गेला.

वहिनीचं दुखणं वेगळंच होतं. तिच्याकडे घडीचा एक जुना चाकू होता, आमच्याकडे त्याला माकी म्हणतात. खिशात मावणारा, चांगला. पण त्याचं पातं नखानं ओढून काढावं लागायचं, म्हणजे दोन हात हवेत. आणि तिचा एक हात कायम कुठल्या ना कुठल्या जनावराला धरून असतो. मागच्या थंडीत एका वासराच्या गळ्याचा फास कापताना तिनं पातं दातांनी उघडलं, तेव्हापासून पुढचा एक दात अर्धा आहे.

"धुरळ्या, गाडी काढ," ती मला म्हणाली.

माझं नाव एसेनकुल. पण आमच्यात वहिनी दिराचं नाव घेत नाही, स्वतःच एखादं नाव ठेवते. ती लग्न होऊन आली त्या दिवशी मी मोटारसायकलवरून तिच्या नव्या कपड्यांवर धूळ उडवली होती. तेव्हापासून मी धुरळा. गाडी तीच आहे अजून, जुनी रशियन, बाजूला माणूस बसायचा डबा जोडलेली.

आत-बाशीच्या बाजारात कुबानचं दुकान एका लोखंडी कंटेनरमध्ये आहे. चाकू, टॉर्च, गळ, कुलपं, सगळं तिथे. वहिनीला पाहताच त्यानं काचेची पेटी उघडली. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला एजे म्हणतो.

"ये एजे, बस. हा बघ. अकरा हत्यारं एकात. कात्री आहे, करवत आहे, बाटली उघडायचं आहे, दात कोरायची काडीसुद्धा आहे."

"आणि चाकू?"

"आहे ना! कुठेतरी आहेच." कुबान एकेक हत्यार उलगडत शोधायला लागला.

वहिनीनं तो बाजूला सारला. दुसरा घेतला, तो जड. तिसऱ्याला नखाची खाच, म्हणजे पुन्हा दोन हात. चौथा काळाकुळकुळीत होता, बटण दाबलं की पातं खटकन बाहेर. वहिनीचे डोळे चमकले. डावा हात पाठीमागे धरून, डोळे मिटून तिनं तो पाच वेळा उघडला. खट, खट, खट. मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात ती खाली वाकली, चिमूटभर माती उचलली आणि सरळ त्या चाकूच्या फटीत सोडली.

"अगं एजे! काय करतेस! मला विकायचाय तो!"

वहिनीनं बटण दाबलं. पातं अर्धं बाहेर आलं आणि अडकून बसलं. ना आत, ना बाहेर.

"आर्पात माती नसते का रे?" तिनं विचारलं.

कुबान डोक्याला हात लावून बसला. वहिनीनं मात्र त्याचं नुकसान केलं नाही. तिथेच बसून तिनं सुईनं कण न् कण काढला, थेंबभर तेल सोडलं आणि चाकू होता तसा करून दिला. तोवर कुबानचा राग उतरला होता.

"एजे, तुला चाकू नकोय, नवरा हवाय. हलका, एका हातानं उघडणारा, मातीत लोळवला तरी न कुरकुरणारा."

"नवरा आहे. तो तीनशे दहा ग्रॅमचा देत होता."

कुबान पोट धरून हसला. मग पेटी बंद करता करता म्हणाला, "तोक्तोसुनआबा माहीत आहे का? कापणी-मळणीची कंबाईन यंत्रं दुरुस्त करायचा तो. दोन वर्षं झाली, घरात बसून चाकू घडवतोय. एका हाताचे. विकत मात्र नाही. मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा चहा पाजून परत पाठवला."

"एका हाताचे?" वहिनी उठलीसुद्धा. मी गाडीला लाथ मारेपर्यंत ती मागे बसून माझ्या पाठीत बुक्क्या घालत होती. "चल ना रे! चल!"

तोक्तोसुनआबाचं घर नदीच्या अंगाला, पॉपलरच्या झाडांच्या रांगेमागे. गॅरेजात भट्टी पेटलेली. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेला म्हातारा ऐरणीवरून मान वर न करता म्हणाला, "विकायचे नाहीत."

"मी अजून काहीच विचारलं नाही, आबा," वहिनी म्हणाली.

"कुबाननं पाठवलं असणार. विकायचे नाहीत. चहा घेऊन जा."

तेवढ्यात अंगणातून खणखणीत आवाज आला. "कोण आहे? पाहुण्यांना दारात उभं करून बोलतोस, लाज आहे की नाही? इकडे आण!"

ती काल्बुबूआपा, आबाची बायको. लोकरीच्या जाड नमद्यावर उशांना टेकून बसली होती. एके काळी आमच्या खोऱ्यात तिच्यासारखं लोकर कातरणारं कुणी नव्हतं, एका दिवसात शंभर मेंढ्या कातरायची. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय पुढे थोडा सुधारला, हात तसाच राहिला. त्या दिवसापासून ती फाटकाबाहेर पडली नव्हती. जीभ तेवढी वाचली, असं आबा सांगतो, आणि सांगताना हलकाच उसासा टाकतो.

वहिनीनं सगळं सांगितलं. आर्पा, चाळीस दिवस, अर्धा दात. आपा एकटक ऐकत होती.

"लगाम कुठल्या हातात धरतेस?"

"डाव्या."

"म्हणजे चाकूला उजवा. माझा डावाच तेवढा चालतो. दोघींची मिळून एक धड बाई होईल. म्हाताऱ्या, वाडगा आण!"

आबा कुरकुरत लाकडी वाडगा घेऊन आला. त्यात नऊ चाकू होते. प्रत्येकाच्या मुठीवर खाचा पाडलेल्या, एकावर एक, दुसऱ्यावर दोन, अशा नवव्यापर्यंत. आणि प्रत्येकाच्या पात्याला मागच्या बाजूला एक छोटी वाकडी शेपटी. आपानं एक उचलला, शेपटीवर अंगठा दाबला, आणि पातं गपकन उलगडलं. स्प्रिंग नाही, बटण नाही. अंगठा शेपटीवर दाबून धरला की पातं मिटणार नाही, बस.

वहिनीनं श्वास रोखला. "आबा, हे तुम्ही शोधून काढलंत?"

आबा चष्मा पुसत म्हणाला, "मी कसलं शोधतोय! झटक्यानंतर हिनं महिनाभर मांस खाल्लं नाही. का, तर मी कापून भरवलेलं नको. लहान पोर आहे का मी, म्हणाली. मग हा पहिला केला."

"हातोडा होता तो," आपा म्हणाली. "मनगट सुजलं. दुसरा उघडायचा, मिटायचा नाही. तिसऱ्यानं माझा अंगठा कापला. चौथा बरा होता, पण कुरूप."

"कुरूप होता म्हणून टाकला?" मी विचारलं.

"तू कुरूप घोड्यावर बसतोस का? मग!"

सहाव्यापर्यंत वजन निम्म्यावर आलं होतं, नवव्यात त्याहूनही कमी. वहिनीनं खिशातून काटा काढला. हो, ती तो बरोबर घेऊन फिरत होती. पुढचा तासभर त्या अंगणात जे चाललं, ते मी लग्नातल्या खेळांतही पाहिलं नाही. आबानं दोर आणला. वहिनीनं दोर कापला. आपानं नमद्याचा तुकडा मागवला, वहिनीनं तोही कापला. मग वाळलं मांस, मग चामडं, मग बिचाऱ्या गाढवाचा मागचा खूर. हातमोजा घालून, डोळे मिटून, एका पायावर उभं राहून. प्रत्येक चाकूत तिनं माती टाकली, आबानं हूं की चूं केलं नाही, उलट स्वतः मूठभर रेती आणून दिली. आबा भट्टीचं काम विसरला, चहा गार झाला. आपा मधूनच ओरडायची, "मनगट सैल सोड! चाकू आहे, फावडं नव्हे!"

शेवटी वहिनीच्या हातात नववा राहिला. एक्केचाळीस ग्रॅम. जर्दाळूच्या लाकडाची पातळ, गुळगुळीत मूठ, आत पोखरलेली. ती तो उघडत होती, मिटत होती, गालाला लावत होती. मला तिचा चेहरा पाहून वाटलं, लग्नातसुद्धा दादाकडे तिनं असं पाहिलं नसेल.

"आपा, मला हा हवा."

"तो माझा आहे," आपा शांतपणे म्हणाली. "आणि तुझ्या कामाचा नाही."

"का नाही? सगळ्यांत हलका तर हाच!"

"हलका आहे म्हणूनच. मी बटाटा सोलते, तू जनावरांत राबणार आहेस. तुला सहावा."

सहावा अडुसष्ट ग्रॅमचा, बर्चच्या लाकडाची मूठ, पोटाला जाड, अंगावर आडव्या रेघा. दिसायला काही खास नाही. वहिनीचं मन मानेना. सत्तावीस ग्रॅम म्हणजे केवढे, अर्धी साबणाची वडी! दोघींची जुंपली. आबा आणि मी गपचूप बसून पाव खात होतो.

एवढ्यात फाटक आपटलं. शेजारच्या जुमाशची बायको धावत आली होती, एका पायात चप्पल, दुसरा उघडा. "डॉक्टरीण इथे आहे म्हणे? आमची घोडी! काठावर बांधली होती, पाटात घसरलीय! दोर पायात अडकलाय, पाणी वाढतंय!"

जूनची दुपार. वरचं बर्फ वितळून पाण्याला जोर चढतो ती हीच वेळ. वहिनी उठली, नववा मुठीत तसाच. मी गाडीकडे पळालो. गाडी सुरू करून मागे पाहतो तर काल्बुबूआपा एका काठीवर भार देऊन तुरुतुरु येत होती, बगलेत चाकूंचा वाडगा.

"आपा, तुम्ही कुठे?"

"डब्यात बसव मला."

"काल्बुबू!" आबा ओरडला. "डोकं फिरलंय का तुझं?"

"माझे चाकू कामाला निघालेत आणि मी इथे उशा सांभाळू? बसव रे!"

भांडायला वेळ नव्हता. वहिनीनं तिला उचलून डब्यात ठेवलं, स्वतः माझ्या मागे बसली आणि मी गाडी सोडली. आबा चष्मा सावरत मागून पळत होता, "हळू! अरे हळू!" म्हणत. आपा त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होती, "जोरात! अरे जोरात! गाडी आहे की गाढव?" खड्ड्यातून डबा उडाला तेव्हा वाडग्यातले चाकू खळखळले आणि आपाच्या डोक्यावरचा रुमाल उडून माझ्या तोंडावर बसला. तो बाजूला करून मी गाडी कशीबशी रस्त्यावर ठेवली.

नदीतून काढलेला मोठा पाट आहे तो, पुरुषभर खोल. करड्या रंगाची घोडी पोटाच्या वर पाण्यात होती. मागच्या पायाला नायलॉनचा दोर आवळलेला, दुसरं टोक पाण्याखालच्या विलोच्या झाडाच्या बुंध्याला दोन वेढे घेऊन ताठ झालेलं. प्रत्येक लाटेसरशी तिची मागची बाजू खाली ओढली जायची. काठावर तिचं शिंगरू केविलवाणं ओरडत होतं. जुमाश मोहरकी धरून तिचं तोंड पाण्याबाहेर ठेवत होता, शेजारी कुऱ्हाड पडलेली.

"कुऱ्हाड चालवली तर पायच तुटायचा तिचा," तो रडवेला होऊन म्हणाला.

वहिनीनं बूट काढले. मी तिच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक स्वतःभोवती घेतलं. ती पाण्यात उतरली तेव्हा तिच्या तोंडून जी शिवी बाहेर पडली ती माझ्या आईनं ऐकली असती तर पुढचे चाळीस दिवस घरीच बसवलं असतं. बर्फाचं पाणीच ते. डावा हात बुंध्याभोवती घट्ट आवळून ती छातीपर्यंत बुडाली आणि उजव्या हातानं नववा उघडला. अंगठा दाबला, पातं बाहेर. एका हातानं! मी आनंदानं ओरडलोच.

तिनं दोरावर एकदा ओढलं. दुसऱ्यांदा ओढलं. वरचे धागे तुटले. तिसऱ्यांदा जोर लावला आणि ती गुळगुळीत मूठ ओल्या तळव्यात फिरली. चाकू सटकला. पाण्यात काहीतरी एकदाच चमकलं, मग काहीच दिसलं नाही.

वहिनीनं वर पाहिलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही. घोडी मध्येच होती, दोर निम्मा तुटलेला, हात रिकामा, आणि हरवलेला चाकू आपाचा.

"आपा..."

"माझ्याकडे काय बघतेस? घोडीकडे बघ! हा धर!"

मी मान वळवली. आपा डब्यात उभी होती. काठी कुठे गेली होती कुणास ठाऊक. मांडी डब्याच्या कडेला रेटून, डाव्या हातात मिटलेला सहावा तोलत. तिनं हात मागे नेला आणि फेकला. दहा पावलांवरून तो चाकू हवेतून सरळ आला. वहिनीनं उजवा हात वर केला आणि झेलला. छातीशी धरला क्षणभर. मग अंगठा, शेपटी, पातं.

या वेळी मूठ हलली नाही. जाड पोट तिच्या मुठीत भरून बसलं होतं, आडव्या रेघा बोटांना धरून होत्या. एक ओढ, दोन, तीन. दोर तटकन तुटला. घोडीला कळायला वेळ लागला नाही. तिनं अशी काही उसळी मारली की जुमाश उताणा पडला आणि काठावर चढलेल्या घोडीच्या मागोमाग मोहरकीसकट फरफटत गेला. मी दोर ओढला आणि वहिनी चिखलात माझ्या पायाशी येऊन पडली. दात वाजत होते, पण आधी चाकू मिटला, खिशात घातला, आणि मग घोडीचा पाय तपासायला धावली. कातडी सोलवटली होती. हाड शाबूत.

जुमाशची बायको वहिनीच्या गळ्यात पडून रडत होती, जुमाश शिंगराच्या गळ्यात. मी कुणाच्या गळ्यात पडावं ते न कळून टाळ्या वाजवत होतो.

त्या गोंधळात आबा पोचला. टोपी हातात, छाती भात्यासारखी चाललेली. त्यानं घोडीकडे पाहिलं नाही, वहिनीकडेही नाही. तो डब्यापाशी गेला.

"तू उभी आहेस," तो म्हणाला.

"मग काय बसून फेकू?"

आबा नुसता तिच्या कोपराखाली हात देऊन उभा राहिला. तिनं तो हात झटकलाही नाही.

वहिनी ओल्या कपड्यांनी समोर येऊन मान खाली घालून म्हणाली, "आबा, तुमचा नववा मी घालवला. आपाचा होता. दोन वर्षांची मेहनत. मी सांगितलेलं ऐकलं नाही."

"कसा गेला?" आबानं विचारलं.

"तळव्यात फिरला. ओल्या हातात."

"फिरला म्हणजे कुठल्या बाजूला? तुझ्याकडे की बाहेर?"

"बाहेर. शेपटीकडून."

"शेपटीकडून!" आबानं टोपी डोक्यावर चढवली. "मला वाटलंच होतं! काल्बुबू, मी म्हटलं नव्हतं, मागे एक गाठ हवी? तू म्हणालीस दिसायला वाईट दिसेल!"

"वाईटच दिसेल. पण दहाव्याला ठेव."

आणि तिघं त्या चिखलात काठीनं रेघोट्या मारायला लागली. मूठ अशी, गाठ इथे, नाही तिथे, शेपटी एवढीच, नाही, थोडी आखूड. वहिनीचे ओठ निळे पडले होते तरी ती वाद घालत होती. शेवटी जुमाशच्या बायकोनं तिला ओढत शेकोटीजवळ नेलं आणि हातात साय घातलेला गरम चहा दिला. चहासुद्धा ती उभ्यानंच प्यायली.

बुधवारी पहाटेपासून वहिनी आबाच्या भट्टीपाशी. सहाव्याची मूठ आतून आणखी पोखरली, सात ग्रॅम गेले. मागे चामड्याच्या वादीसाठी भोक पाडलं. आपानं हुकूम सोडला, हाताला मेंढीची चरबी चोपडून कापून दाखव. वहिनीनं दाखवलं. मग ओलं करून, मग दोन्ही मिळून. आबानं पातं शेवटचं दगडावर ओढलं आणि अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिलं.

"विकायचा नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," वहिनी म्हणाली.

"आणि चाकू फुकटही द्यायचा नसतो, नातं कापलं जातं," आपा म्हणाली. "एक नाणं टाक वाडग्यात आणि घेऊन जा."

वहिनीनं खिसे चाचपले. एक सोमचं नाणंसुद्धा नव्हतं, ते तिनं वजन करून घरी ठेवलं होतं. मीच दिलं.

गुरुवारी सगळं गाव वेशीपाशी जमलं. ज्यांनी तोंडं वाकडी केली होती तेही आले होते, कारण जुमाशनं बुधवारभर घरोघरी जाऊन घोडीची गोष्ट सांगितली होती, आणि दर घरी पाण्याची खोली हातभर वाढत गेली होती. दादानं लगाम धरून वहिनीला चढवलं. "लांडगा आला तर?" त्यानं हळूच विचारलं. वहिनीनं खिशावर थाप मारली आणि घोड्याला टाच दिली.

जुलैच्या मध्यावर मला लशींची दुसरी खेप घेऊन आर्पाला जायचं होतं. निघायच्या दिवशी गाडीच्या डब्यात काल्बुबूआपा आधीच बसलेली. मागच्या सीटवर आबा, मांडीवर थैली.

"खिंड मोठी आहे, आपा. थंडी असते."

"मी तिथे वीस उन्हाळे काढलेत, तू जन्मला नव्हतास. चल."

खिंडीत गारा पडल्या. आपानं तोंड उघडून त्या खाल्ल्या. दुपारी आम्ही पहिल्या तळावर पोचलो तेव्हा वहिनी एका याकला टोचत होती, नाक उन्हानं सोललेलं, आवाज बसलेला, कमरेला वादीनं बांधलेला चाकू. आम्हाला पाहून ती तशीच धावत आली, आधी आपाला मिठी, मग आबाला, मला डोक्यात टपली.

"आबा, ऐका, रोज चाळीस वेळा उघडते! एकदा दगडावर पडला, काही झालं नाही. फक्त थंडीत पातं ज्यावर फिरतं तो खिळा जरा कडक होतो. आणि पात्याचं टोक किंचित जाड हवं होतं, खुरातला खडा काढताना भीती वाटते."

आबा वहीत लिहून घेत होता. भट्टीपाशी तो कधी लिहीत नाही, त्या दिवशी मात्र लिहिलं.

बोलता बोलता भोवती मेंढपाळ गोळा झाले. पाच-सहा जण, महिनाभर वहिनीचा चाकू बघून जळत असलेले. एकानं विचारलं, डाव्या हाताचा होईल का. दुसऱ्याला मोठा हवा, तिसऱ्याला त्याहून छोटा, बायकोसाठी. आबा सवयीनं तोंड उघडून म्हणणार, "विक..." तोच आपानं त्याला कोपरानं ढोसलं.

"होतील," ती म्हणाली. "पण रांगेनं या. आणि आधी मी सांगेन तुम्हाला काय हवंय ते."

नमदा पसरला, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची कुमिस आली, बोरसोकांचा, म्हणजे कणकेच्या तळलेल्या तुकड्यांचा, ढीग पडला. वहिनीनं पहिला घास घेतलाच होता, तेवढ्यात वरच्या तळावरून एक स्वार चौखूर आला. त्यांची मेंढी अडली होती. वहिनीनं घास तोंडात कोंबला, पेटी उचलली आणि रिकिबीत पाय घातला.

"धुरळ्या, माझा चहा पी!" एवढं म्हणून ती टेकाडापलीकडे गेलीसुद्धा.

मागे आपा एका दांडग्या मेंढपाळाला बजावत होती की एवढ्या मोठ्या पंजाला छोटा चाकू मागायची लाज वाटली पाहिजे. तो लाजून हसत होता. मी वहिनीचा चहा प्यायलो, मग माझा, मग आबाचाही, कारण तो लिहिण्यात गढला होता.